हर्षिताची एक ओळ

आनेकल,
शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६

तिने पान उलटलं आणि वाचत राहिली. मी शेगडीपाशी पाठमोरी उभी होते, शिरा हलवत. आजोबांच्या अंगणात पेरूचं झाड आहे, असं ती वाचत होती. त्यावर पोपट येतात. आजोबा आता मम्मीवर रागावलेले नाहीत. ते लवकर येतील आणि हर्षितासाठी पेरू आणतील. कागदाचा आवाज ऐकून मी वळले. तिच्यासमोर तुमच्या पत्राची मागची बाजू होती. मागच्या बाजूला काहीही लिहिलेलं नव्हतं.

पप्पा, सलाम लिहायचा राहिला. सप्रेम सलाम.

तुमचं पत्र काल आलं. तीन वर्षं चार महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. पाकिटावर माझं नाव नव्हतं, हर्षिताचं होतं, म्हणून मी ते फोडलं नाही. आज तिला आठ वर्षं पूर्ण झाली. न्याहारीला तिने ते सगळ्यांना वाचून दाखवावं असं मी ठरवलं होतं. शंतनु पहिल्या पाळीला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात गेला होता. घरात मी, भार्गवी आणि हर्षिता. दारात आमच्या घरमालकीण सोयराबाई, शिऱ्यासाठी आलेल्या.

मी कागद तिच्या हातातून घेतला. पहिल्या बाजूला सहा वाक्यं होती.

"चि. हर्षितास आशीर्वाद. तुला आठ वर्षं पूर्ण होत आहेत. तुझी आई दर महिन्याला लिहिते की तू उत्तम वाचतेस. हे पत्र तू स्वतः वाच, आणि मला एक ओळ लिहून पाठव, स्वतःच्या हाताने, कोणाची मदत न घेता. ती आली की मी बंगलोरला येईन. तुझे आजोबा."

पेरू नव्हता. पोपट नव्हते. रागाबद्दल काही नव्हतं.

मी विचारलं, "मागे कोरं आहे, मग वाचत काय होतीस?"

ती म्हणाली, "तुझी पत्रं नेहमी मागेही असतात."

दुपारी मी पाटीवर लिहिलं: मांजर खिडकीत बसलं आहे. तिला वाचायला सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायला लागली, बोट शब्दाखालून सरकवत. बोट ओळीच्या शेवटी पोचलं, की ते पुन्हा पहिल्या शब्दावर आणून ठेवायची. एकही शब्द चुकली नाही. पाटीवर चार शब्द होते.

मी पुसलं. तिचं नाव लिहिलं. "हर्षिता," ती म्हणाली. मग मी शेवटचं अक्षर पुसून त्या जागी द काढला. "हर्षिता," ती म्हणाली. मी आणखी तीन नावं लिहिली. ती सगळी तिला हर्षिताच वाटली.

तीन वर्षं मी तिला शिकवते आहे. भार्गवी तिसरीपर्यंत शाळेत होती, तिला वाचायला शाळेने शिकवलं. त्या शाळेत तिला एक तास उन्हात गुडघ्यांवर बसवलं, म्हणून आम्ही तिला काढलं, हे तुम्हाला माहीत आहे. हर्षिता कधी शाळेत गेलीच नाही. ती सगळी माझी.

भार्गवीला मी गच्चीवर नेलं. तिने आधी सांगितलं, "मम्मी, तिला मारू नकोस." मी आजवर कोणाला मारलेलं नाही. मग ती म्हणाली, उद्याचा पाठ ती आदल्या संध्याकाळी गच्चीवर हर्षिताला वाचून दाखवते. सकाळच्या प्रार्थनेतली तिच्या पाळीची बायबलची ओवीही.

"किती वेळा वाचावं लागतं?"

"एकदा. तिला एकदाच पुरतं."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू आजोबांना लिहून टाकलं होतंस."

शंतनु चार वाजता आला. म्हणाला, "दमली असेल. वाढदिवस आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "पण रोज सकाळी वाचते की." मग बूट न काढता बसून राहिला.

हे पत्र मी टाकणार नाही, असं मला आताच कळलं आहे.


आनेकल,
बुधवार, १६ ऑक्टोबर १९९६

ती. पप्पांस सप्रेम सलाम.

तुमचं पत्र मिळालं. हर्षिताला फार आनंद झाला. तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

या महिन्यात मुलींना जे सापडलं ते कळवते. भार्गवीला तुतीच्या मळ्याच्या वाटेवर रेशमाचा एक कोश मिळाला. किडा आधीच बाहेर पडून गेला होता, भोक उरलं होतं. फुटक्या कोशातून अखंड धागा निघत नाही, असं मळेवाल्याने सांगितलं. तिने ते वहीत लिहिलं. हर्षिताला बाभळीखाली सुगरणीचं पडलेलं घरटं सापडलं. आत चिखलाचे वाळलेले गोळे चिकटवलेले होते. ते का, हे आम्हाला कळलं नाही. हर्षिता म्हणाली, वाऱ्यात घरटं हलू नये म्हणून वजन. शुक्रवारी आम्ही टेबलावर दोन्ही मांडलं आणि देवाचे आभार मानले.

नाचणी कणसावर आली आहे. सोयराबाईंनी वाढदिवसाला हर्षिताला काचेच्या बांगड्या दिल्या. तिची सत्तावीस स्तोत्रं पाठ झाली.

सोबत हर्षिताची ओळ आहे. तिने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

आम्ही सगळे वाट पाहतो.

तुमची,
नीलिमा


अहमदनगर,
२४ ऑक्टोबर १९९६

चि. नीलिमास आशीर्वाद.

ओळ मिळाली. "आजोबा तुम्ही लवकर या." ती हर्षिताची नाही.

आठ वर्षांचं मूल आधी अक्षरं काढतं आणि मग वरून एकच शिरोरेघ ओढतं. ती शब्दाच्या पुढेही जाते. या ओळीतली शिरोरेघ दर दोन अक्षरांनंतर थांबते आणि पुन्हा सुरू होते. चौतीस वर्षांत अशी शिरोरेघ मी एकाच विद्यार्थिनीची पाहिली. चौथीत तुला मी त्यासाठी शंभर ओळी लिहायला लावल्या होत्या. सवय गेली नाही. पेन्सिलीचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे. खालचं अक्षर पाहत ते गिरवलेलं आहे. गिरवणारा हात लहान आहे, तेवढा भाग हर्षिताचा असेल.

रागावण्यासाठी लिहीत नाही. एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ती सांगायला चोवीस वर्षं उशीर झाला.

तुझा भाऊ विलास सातवीच्या परीक्षेच्या सकाळी घरातून गेला. तू अकरा वर्षांची होतीस. तो उनाड होता, अभ्यासाला भ्याला, असं मी तुला आणि तुझ्या आईला सांगितलं. विलासला वाचता येत नव्हतं. मुळाक्षरंही पुरती येत नव्हती. पाचवीत एकदा मी त्याला नवं पुस्तक दिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला कविता सगळ्या पाठ होत्या, पाढे तिसापर्यंत. त्यावर तो तिथवर आला होता. मी हेडमास्तर होतो. पाचवीतून आणि सहावीतून मी त्याला माझ्या सहीने वर घातलं. सातवीची परीक्षा केंद्रावर होती, तिथे माझी सही चालत नव्हती.

त्याला शिकवण्याचा प्रयत्न मी केला. छडीने केला.

तू भार्गवीला शाळेतून काढलंस तेव्हा आपल्या घराण्याला माणसांत आणणाऱ्या शाळेचा तू अपमान केलास, असं मी लिहिलं होतं. ते खरं कारण नव्हतं. ज्या घरात मास्तर आणि बाप एकच असतो, तिथे काय लपतं ते मला माहीत होतं. तुझ्या दर महिन्याच्या पत्रांत हर्षिताच्या पाठांतराचं फार असे. तिने नवं काही वाचलं असं कधी नसे. म्हणून मी ती ओळ मागितली.

विलास जामखेडला खंडोजी यांच्या गॅरेजमध्ये असतो. काम चांगलं करतो. मला भेटत नाही.

तू खरं लिही. मग मी येतो.

पप्पा


आनेकल,
शुक्रवार, १ नोव्हेंबर १९९६

पप्पा, सलाम.

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. भार्गवीने विचारलं, "कोण वारलं?" मी म्हटलं, कोणी नाही.

आधी ओळीबद्दल. १५ तारखेला, मंगळवारी दुपारी, मी ती जाड पेन्सिलीने लिहिली. वर पातळ कागद ठेवला आणि खिडकीच्या काचेला धरला, उजेडात. हर्षिताने स्टुलावर उभी राहून गिरवलं. तिला वाटलं खेळ आहे. झाल्यावर तिने विचारलं, "मी काय लिहिलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी पण तेच म्हणणार होते." तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी घडी घातली.

सोबत १२ तारखेचं पत्र आहे. ते टाकलं नव्हतं.

काल सोयराबाईंना सांगितलं. त्या मराठीच, पण सात-आठ पिढ्यांपासून इथल्या, बोलण्यात कानडी शब्द येतात. मी त्यांना अक्का म्हणते. त्या जात्यापाशी बसून नाचणी निवडत होत्या. म्हणाल्या, "मला कधीचं ठाऊक गं."

"कसं?"

"मी बी तेच करते. बँकेत कागद दिला की हातात धरायचा, स्वल्प मान हलवायची, मग चष्मा घरी राहिला म्हणायचं. तुझी पोर मान चांगली हलवते. माझ्याहून बरी."

"मग बोलला का नाहीत, अक्का?"

"तुमच्यात असंच शिकवतात म्हटलं. सकाळ झाली की तुम्ही सगळी तोंडपाठ म्हणता. तुमचा देव कागद बघून विचारत नसेल, म्हटलं." मग त्या सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "सरी, बरं, आता कळलं ना. रडायला काय झालं? मला येत नाही, मी मेले काय?"

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.

आता दुसरं. तुम्हाला जे मासिक पत्र येतं, त्याच्या नकला मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चार घरांना देते, इंग्रजीत करून. त्यांनीच मागितल्या होत्या. आमच्या घरातले आनंद वाचून त्यांना बळ येतं, असं म्हणत. के. आर. पुरमचे पद्मनाभ त्यांतले एक. माझी पत्रं वाचून त्यांनी जूनमध्ये त्यांच्या दिव्यश्रीला शाळेतून काढलं. मे महिन्याच्या पत्रात मी लिहिलं होतं की हर्षिता न अडखळता वाचते. ते खरंच होतं. ती कधीच अडखळली नाही. मूल वाचत असेल तर अडखळतं, हे मला सुचलं नाही. मी बी. एड. आहे.

आम्ही घरी शिकवताना प्रत्येक धडा आधी मोठ्याने वाचतो, मग मुलाने तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा. ती आमची पद्धत. मुलगी सुंदर सांगायची. मी डोळे मिटून ऐकायचे. डोळे उघडे ठेवले असते तर.

विलासदादाबद्दल मला अजून लिहिता येत नाही. तुमचा राग मी तीन वर्षं उशाशी घेऊन झोपले, त्याबद्दलही नाही. तुम्ही त्याला छडीने शिकवलंत ते मला आठवतं. मागच्या खोलीचं दार बंद असायचं. आई मला विहिरीवर पाठवायची. मला वाटायचं तो खोटं बोलला असेल.

तुम्ही म्हणता खरं लिही. हे खरं आहे. हर्षिताला वाचता येत नाही. तिला कोणती अक्षरं येतात तेही मला नक्की सांगता येत नाही. तिला दाखवायला डॉक्टर की कोण, हे मला माहीत नाही. शंतनु म्हणतो शाळेत घालू. शाळेत काय होतं ते तुमच्या पत्रात आहे. घरी काय होतं ते माझ्या.

तुम्ही या. परीक्षा घ्यायला नको.

नीलिमा


आनेकल,
शनिवार, १६ नोव्हेंबर १९९६

विलासदादा,

हे पत्र तुला खंडोजीराव वाचून दाखवतील, असं पप्पांनी सांगितलं. खंडोजीराव, तुम्हाला नमस्कार. तुमच्या तोंडून हे जाणार म्हणून मी चारदा लिहून फाडलं. जे वाचायला अवघड वाटेल ते गाळू नका.

मी नीलिमा. मला दोन मुली आहेत, तू पाहिलेल्या नाहीस. धाकटी हर्षिता, आठ वर्षांची. तिला वाचता येत नाही. मीच तिला शिकवत होते आणि तीन वर्षं मला ते कळलं नाही. कळल्यावर मी पप्पांशी खोटं बोलले. तेव्हा त्यांनी तुझं सांगितलं.

मी तुला चार पत्रं लिहिली होती. तू तिथे आहेस असं कळलं तेव्हा, दौंडच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही म्हणून पाचवं लिहिलं नाही. माझ्या लग्नाची पत्रिका पाठवली. तू आला नाहीस. सगळ्यांसमोर मी म्हटलं, मला भाऊ नाही. पत्रिकेत तारीख छापली होती, दादा. मला वाटलं तेवढं पुरे.

पप्पा काल आले. आनेकलच्या स्टँडवर मी त्यांना आधी ओळखलं नाही. फार वाळले आहेत. घरी आल्यावर हातपाय धुऊन हर्षितासमोर जमिनीवर बसले. ती भिंतीला टेकून उभी होती.

"आजोबा, तुम्हाला राग आला?"

"कशाचा?"

"मी तुमच्या अंगणात पेरू लावला."

"माझ्या अंगणात लिंबाचं झाड आहे."

"मग पोपट येत असतील."

"येतात," पप्पा म्हणाले.

मग तिने विचारलं, "तुम्ही शाळेत किती जणांना वाचायला शिकवलं?"

"पुष्कळ."

"सगळ्यांना आलं?"

पप्पा म्हणाले, "एकाला नाही."

"तो ढ होता?"

"नाही," पप्पा म्हणाले. "मास्तर ढ होता."

ती हसली. शंतनुही हसला. मी आत गेले.

आज त्यांनी सोयराबाईंकडून परात आणली, त्यात नाचणीचं पीठ पसरलं. पिठात एक एक अक्षर काढतात आणि तिचं बोट धरून त्यावरून फिरवतात, पाच-सहा वेळा. मग पीठ सारखं करतात. पुस्तक नाही, पाठांतर नाही. भार्गवीला शेजारी बसायला बंदी आहे. सोयराबाई मात्र बसल्या. म्हणाल्या, "मी बी बघते. स्वल्प मला बी काढा मास्तर." पप्पांनी त्यांचंही बोट धरायला हात पुढे केला आणि मग लाजून मागे घेतला. इतकी वर्षं मास्तर होते, पण बाईमाणसाचं बोट कधी धरलं नसेल.

हर्षिता चुकली की ते आवाज न चढवता तेच अक्षर पुन्हा काढतात. ते वयाने असेल. तू पाहिलंस तर तुला काय वाटेल मला माहीत नाही. तू त्यांना माफ कर, असं मी लिहिणार नाही. मी तुला ये म्हणते. ते इथे नाताळपर्यंत आहेत. त्यांना भेटायचं नसेल तर नंतर ये. जामखेडहून नगरला, नगरहून बंगलोरची गाडी, तिथून आनेकलची बस. स्टँडवर कोणालाही सोयराबाईंचं घर विचारायचं. पाट्या वाचायला लागत नाहीत.

उद्या रविवार. मंडळीसमोर उभं राहून मी सांगणार आहे की माझ्या पत्रांत हर्षिताच्या वाचनाबद्दल जे होतं ते चूक होतं. हर्षिताला विचारलं. ती म्हणाली, "सांग. पण मला स्तोत्रं येतात, ते पण सांग."

तुझी,
नीलिमा

ता. क. रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी हर्षिताने परातीतली पाच अक्षरं ओळखली, तीन चुकवली. मंडळीत मी सांगितलं. बोलून झाल्यावर कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. प्रार्थनेनंतर पद्मनाभ व्हरांड्यात आले आणि त्यांच्या मुलीला वाचता येतं का ते कसं ओळखायचं, असं विचारलं. मी म्हटलं, तिने कधीच ऐकलेलं नाही असं काहीतरी लिहून द्या. त्यांनी खिशातल्या कागदावर दोन वाक्यं लिहिली. दिव्यश्रीने ती वाचली, अडखळत, पूर्ण. पद्मनाभ म्हणाले, तरी उद्यापासून ती शाळेत जाईल. परत येताना बसमध्ये हर्षिताने विचारलं, विलासमामाला किती अक्षरं येतात. मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारते.